कापूस सोडून दुसरं उदाहरण

आमच्या कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा चांगली होती, पण वीज नसायची. म्हणजे यायची, पण तिच्या वेळेला. भारनियमनाचं वेळापत्रक सारखं बदलायचं आणि आमचं प्रॅक्टिकल नेमकं त्यात सापडायचं. यवतमाळला एमसीए करणाऱ्या आम्ही मुली ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग अर्ध्याहून जास्त तोंडीच शिकलो. कागदावर क्लास लिहायचा, कागदावरच त्याचे ऑब्जेक्ट तयार करायचे आणि प्रोग्रॅम चालला असं धरून पुढे जायचं. चूक दाखवायला कंपायलर नसल्यामुळे ती एकमेकींनाच दाखवावी लागे. आम्ही ती भांडून दाखवायचो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरगावचे पत्रकार जिल्ह्यात यायचे, चहा प्यायचे, हळहळायचे आणि जायचे. आमच्या घरी शेत नव्हतं. बाबा मारेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. पण कापूस बरा नसला की जिनिंगही बरं चालत नाही. त्या वर्षी दिवाळी होऊन गेली तरी गेट उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा मालकाने निम्म्याच माणसांना आत घेतलं. बाबा बाहेरच्या निम्म्यात राहिले.

बाबांच्या छातीत रुईची धूळ बसली होती. डॉक्टरांनी त्यांना आतल्या हॉलमध्ये जायला मनाई केली होती, म्हणून मालकाने शेवटची काही वर्षं त्यांना बाहेरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला ठेवलं होतं. आता गुजरातेतल्या जिनिंगसाठी फिटर गोळा करणारा एक ठेकेदार घरी येऊन गेला. तिथे वर्कशॉप वगैरे लाड नव्हते. यंत्रापाशी, धुळीतच उभं राहायचं. बाबांनी त्याला सोमवारी सांगतो म्हणून थांबवून ठेवलं. शनिवारी माझी मुलाखत होती. आईने मला शेजारच्या दुकानातून फोन करून हे एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुयं जमलं तं ते जात नाहीत. अभ्यास कर."

झालं. त्या दिवसापासून मी वही घेऊनच जेवायला बसायला लागले.

पुण्याची एक कंपनी यवतमाळातल्या एका कॉलेजात मुलं निवडायला येणार होती. तोंडी परीक्षेत काय विचारतात हे आधीच्या तुकडीकडून कळलं होतं. क्लास आणि ऑब्जेक्टमधला फरक, एन्कॅप्स्युलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. व्याख्या सगळ्यांनाच पाठ असतात, मग ते म्हणतात, आता उदाहरण द्या. पुस्तकात उदाहरणं होती, पण ती प्राण्यांची आणि आकृत्यांची. कुत्रा हा प्राण्यापासून आला, वर्तुळ हे आकृतीपासून आलं. हे वाचून हॉस्टेलच्या आमच्या खोलीत कोणाच्याही डोक्यात काही उजळलं नाही.

खोलीत आम्ही तिघी होतो आणि गावांच्या नावानेच एकमेकींना हाका मारायचो. फुलसावंगीची बंजारा तांड्यावरची होती, घरी फोन केला की आपल्या याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोलीत भराभर बोलायची आणि फोन ठेवला की त्याच वेगाने आमची वऱ्हाडीतून खरडपट्टी काढायची. झरीची बोलायची कमी, पण एखादी गोष्ट कळली नाही तर कळली असं कधी म्हणायची नाही. मी मारेगावची. शेजारच्या खोल्यांतल्या मुलीही अभ्यासाला आमच्याकडेच येऊन बसायच्या.

उदाहरणं मी तयार केली. कापसाची केली, कारण ती सगळ्यांनाच लगेच कळणार होती.

कपाशी हा क्लास, म्हणजे झाड कसं असतं याचा आराखडा. शेतातलं प्रत्यक्ष झाड म्हणजे ऑब्जेक्ट. आराखडा एकच, पण या झाडाला बोंडं जास्त, त्या झाडाला कमी. प्रत्येकाची माहिती ज्याच्या त्याच्याजवळ. बोंड म्हणजे एन्कॅप्स्युलेशन, कापूस आत बंद असतो आणि बाहेरून हात घालता येत नाही. जिनिंग म्हणजे ॲबस्ट्रॅक्शन. इकडून कापूस टाका, तिकडून रुई आणि सरकी घ्या, आतले रोलर कसे फिरतात ते टाकणाऱ्याला माहीत असायची गरज नाही. बीटी कपाशी म्हणजे इनहेरिटन्स. कपाशीचं सगळं तिच्यात आहेच, वर बोंडअळीला मारणारा एक गुण जास्तीचा. आणि पॉलिमॉर्फिझमला काढणी. हुकूम एकच, पीक काढा. पण कापूस वेचतात, तूर कापतात, ज्वारीची कणसं खुडतात. प्रत्येक पीक तोच हुकूम आपल्या पद्धतीने पाळतं.

"बापरे, पोट्टी कामाची निंघाली," फुलसावंगीची म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे गंज झालं, भरपूरच. पण दुसऱ्याच दिवशी तिने भांडण काढलं.

"तुई बीटी, कपाशीची लेक हाय म्हणतं ना? मंग मायसारखी काहून नाही वागत? आमच्या घरी देशीची सरकी राखून पेरत. बीटीची राखून पाह्य बरं. काय येते ते पाह्य."

"एवढं कोणी विचारत नाही," मी म्हटलं.

"विचारलं तं?"

"तं तू सांगजो," झरीची वही न मिटता म्हणाली, आणि आम्ही हसलो. वाद तिथेच राहिला. मुलाखत चार दिवसांवर आली होती आणि बाकीच्या मुलींना अजून पॉलिमॉर्फिझमच्या व्याख्येत काढणी नीट बसवता येत नव्हती. मी एकेकीला समोर बसवून म्हणवून घेत होते.

आमच्याकडे बाया निंदणाला पात धरून बसतात. सगळ्या एका रेषेत पुढे सरकतात. एखादी मागे पडली तर दोन्ही बाजूच्या बाया तिच्या ओळीतलं थोडं थोडं निंदून देतात, म्हणजे धुऱ्याला, शेताच्या बांधाला, सगळ्या बरोबर लागतात. एकटीने पुढे जाऊन धुऱ्यावर बसणारीला कोणी चांगलं म्हणत नाही. आम्हा सगळ्यांच्या आया तशा बसलेल्या होत्या, सुट्टीत आम्हीही बसलो होतो. अभ्यासाला आम्ही तशाच बसलो. सगळ्या मुलींना एकसारखं आलं पाहिजे, हे कोणी ठरवलं नव्हतं. दुसरी काही पद्धत असते हेच आमच्या डोक्यात नव्हतं. मुलाखत ही एकेकटीची असते, हे माहीत असूनही नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही त्या कॉलेजात पोचलो. लेखी परीक्षा झाली, त्यातून आमच्या हॉस्टेलच्या बऱ्याच जणी पार पडल्या. मग आडनावांच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे एकेकीला आत बोलवायला लागले. माझं आडनाव पार शेवटाला. फुलसावंगीचं पहिल्या काहींत.

ती बाहेर आली ती ओढणी झटकतच आली. "जमलं वाटते," म्हणाली. "कापूस सांगितला तं सर खुश. म्हणे, वा, काहीतरी नवीन ऐकलं. मंग विचारलं, शेतकऱ्याची मुलगी का? तुमच्याकडे फार वाईट चाललंय ना? म्या म्हटलं, हो सर, पण तुमी प्रश्न सी प्लस प्लसचाच विचारा."

"असं म्हटलं तू?"

"मंग काय! कीव करून नोकरी देतील तं उद्या कीव करून काढतील."

मला बरं वाटलं. उदाहरण लागू पडलं होतं. दुसरी मुलगी आली, तीही खूश होती. तिसरी आली तेव्हा तिचा चेहरा नुसताच सपाट होता. चौथी म्हणाली, मी बोंड म्हटल्यावर मॅडमने सरांकडे पाहिलं. पाचवीला त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही.

मी बाकावर बसून होते आणि मला हळूहळू कळायला लागलं की काय झालंय. आत दोन माणसं बसली होती आणि सकाळपासून त्यांना एकामागून एक मुलगी येऊन तोच कापूस देत होती. तेच शब्द, तोच क्रम. ते शब्द माझे होते आणि माझी पाळी शेवटची होती.

माझ्या आधी झरीची आत गेली. तिचं आडनाव माझ्या अलीकडचं. ती फार लवकर बाहेर आली.

"कापूस नको म्हणते ते," ती म्हणाली. "मॅडम हासली. म्हणे, कापूस सोडून दुसरं उदाहरण सांगा. मले दुसरं येतच नोतं."

मी बाकावर सरकून तिला जागा केली.

"तुयाच कापसानं मारलं मले," ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मग लगेच म्हणाली, "आता माह्याकडे पाहू नको. दुसरं काही जुळव. लवकर."

मी जुळवायला लागले. एसटी. साधी गाडी, निमआराम गाडी. बँकेचं खातं. दवाखाना. प्रत्येक गोष्ट धरली की अर्ध्यात सुटायची, आणि मधेच बाबांचा खोकला ऐकू यायचा, तो कोरडा, दोन-दोनदा येणारा.  तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

मुलाखत इंग्रजीत झाली. मी मराठीत सांगतेय म्हणून ती फार सराईत झाली असं समजू नका.

आत सर आणि मॅडम होते. सर थकलेले दिसत होते. मॅडमच्या हातात चहाचा कप होता.

"तुम्हीही त्याच हॉस्टेलच्या?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"तुमच्याकडे हा कापसाचा वर्ग कोण घेतं?"

उदाहरणं माझी आहेत असं मी म्हटलं, तर बाहेरच्या सगळ्या जणी पोपट ठरत होत्या, आणि निकाल अजून कोणाचाच लागला नव्हता. नाही म्हटलं, तर मीच पोपट. विचार करायला वेळ नव्हता. "आम्ही सगळ्या मिळून अभ्यास करतो," मी म्हटलं.

"आणि उत्तरंही मिळूनच?" मॅडम म्हणाल्या. त्या चिडून बोलल्या नाहीत, म्हणून जास्तच लागलं.

"इनहेरिटन्सचं उदाहरण द्या," सर म्हणाले. "कापूस सोडून."

मी एसटी सुरू केली. बस हा बेस क्लास, निमआराम हा त्याचा डिराइव्हड क्लास, जास्तीचा गुण म्हणजे गादीची सीट. सरांनी मान हलवली. "बरोबर आहे. पण हे पुस्तकातलंच झालं, फक्त नाव बदललंय." त्यांनी पुढच्या कागदावर काहीतरी लिहायला पेन उचललं.

ते पेन पाहून मी बोलले. धाडस वगैरे नव्हतं. आता गेलंच आहे, तर निदान मला खरोखर जे माहीत आहे ते तरी बोलावं, एवढंच वाटलं.

"सर, ते कापसाचं उदाहरण चुकीचं आहे. कुठे चुकीचं आहे ते सांगू का?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "सांगा."

मी कागद मागितला. कपाशी क्लास काढला, त्याखाली तीन फंक्शन लिहिली. फुलणं, वेचणं आणि सरकी राखणं. त्यापासून बाण काढून बीटी काढली.

"देशी कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येते," मी म्हटलं. "आमच्याकडे पूर्वी तसंच करायचे. बीटीचं वाण संकरित आहे. त्याची सरकी पेरली तर आधीसारखं पीक येत नाही, दरवर्षी नवीन पाकीट घ्यावं लागतं. पण आम्ही बीटीला कपाशीपासून काढलंय, म्हणजे सरकी राखण्याचं फंक्शन तिला आपोआप मिळालं. कपाशी समजून लिहिलेल्या कोडला आपण बीटी दिली तर कोड चालेल. एरर येणार नाही. पीक मात्र बुडेल. जिथे बेस क्लास चालतो तिथे डिराइव्हड क्लास चालला पाहिजे. इथे तो चालत नाही. मग हे इनहेरिटन्स चुकलं."

सरांनी पेन खाली ठेवलं नाही, पण लिहिलंही नाही.

"मग बीटीमध्ये ते फंक्शन ओव्हरराइड करा," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यात एरर द्या, की हे जमत नाही. झालं?"

"मग तो एरर पेरणाऱ्याला शेतात कळेल, मॅडम. पाकीट घेतानाच कळायला पाहिजे."

"म्हणजे?"

"प्रोग्रॅम चालताना नाही. कंपाइल करतानाच."

"मग काय कराल?"

मी कपाशीतून सरकी राखणं खोडलं. बेस क्लासमध्ये सगळ्यांना जमतं तेवढंच ठेवलं. त्याखाली दोन बाण काढले, देशी आणि संकरित. सरकी राखणं देशीत टाकलं, बीटी संकरितखाली. "सरकी राखणारा कोड देशी वाण धरून लिहायचा. त्याला बीटी देताच येणार नाही."

"आणि बोंडाचं काय?" सरांनी विचारलं. "ते बरोबर आहे का?"

"तेही अर्धवटच आहे. बंद असणं म्हणजे पूर्ण एन्कॅप्स्युलेशन नाही. माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन एकत्र बांधायची, आणि बाहेरच्याने त्या फंक्शनांतूनच आत जायचं. आमच्या बोंडाला फंक्शनच नव्हतं, ती नुसती डबी होती." मला बोंड पोखरून आत शिरणारी बोंडअळीही सुचली होती, पण ती मी सांगितली नाही.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग त्यांनी पॉलिमॉर्फिझम विचारलं आणि काढणी हे ओव्हरलोडिंग आहे असं माझ्या तोंडून गेलं. मॅडमच्या भुवया वर गेल्या. मी लगेच दुरुस्त केलं. नाव तेच आणि आर्ग्युमेंट वेगळी तर ओव्हरलोडिंग, आणि बेस क्लासचं तेच फंक्शन डिराइव्हड क्लासने आपल्या पद्धतीने लिहिलं तर ओव्हरराइडिंग. काढणी हे ओव्हरराइडिंग. मी पीक आणि तूर हे क्लास लिहून दाखवले, पिकाच्या पॉइंटरमध्ये तूर ठेवली आणि काढणी बोलावली.

"कोणती काढणी चालेल?" मॅडमनी विचारलं.

"तुरीची."

"पुन्हा पाहा."

मी पाहिलं. काही दिसेना. 

"व्हर्च्युअल लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय पिकाचीच काढणी चालेल. एकदा चालवून पाहिलं असतंत तर कळलं असतं."

"मॅडम, लाईट नव्हती."

सर मोठ्याने हसले. मी विनोद केला नव्हता. व्हर्च्युअल हा शब्द मला व्याख्येत पाठ होता, महिनोन्महिने तोंडाने म्हटला होता, आणि आमच्या एकीच्याही कागदावर तो कधी उतरला नव्हता. कागद कशालाच नाही म्हणत नाही. मी उठले, थँक यू म्हटलं आणि बाहेर आले. गेलं, एवढंच मनात होतं. सोमवार दिसत होता.

निकाल चार वाजता हॉलमध्ये वाचून दाखवला. फुलसावंगीची निवडली गेली. तिच्यामागची एक निवडली गेली. मधल्या सगळ्या गळाल्या. शेवटचं नाव माझं होतं.

झरीची माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझा हात धरला आणि जोरात दाबला, दुखेल इतका. अभिनंदनाचा होता की रागाचा, ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत लागली. आजही फोनवर कोणी उदाहरण दे म्हटलं की ती विचारते, "कापसाचं चालते का?"

मी धावत एसटीडी बूथवर गेले. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात लावला, त्यांनी बाबांना हाक मारली. बाबा यायला वेळ लागला. खोकला आधी ऐकू आला.

"लागली बाबा."

"लागली?" ते म्हणाले. मग फोनवर हात ठेवून मागे कोणालातरी म्हणाले, "लागली म्हणते!" दुकानात गलका झाला. मग पुन्हा फोनवर आले. "केव्हापासून जाचं हाय, बेटा?"

मी हॉलमध्ये ते ऐकलं होतं, पण तोपर्यंत त्याचा अर्थ लावला नव्हता. "कळवतो म्हणाले. बहुतेक पावसाळ्यानंतर."

 बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तो त्यांच्याकडचा की माझ्याकडचा ते कळलं नाही.

"मंग तोवर जाऊन येतो मी तिकडे," ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते—"

"तोंडाले फडकं बांधीन. पावसाळा सरेपर्यंत का कोणी बसून राह्यते? तू खुश राह्य. पेढे घेऊन ये."

बूथवाल्याने बिल फाडलं आणि पुढच्या माणसाला जागा दिली. मला नोकरी लागली की बाबा जात नाहीत, हे मी धरून चालले होते. ते कागदावर बरोबर होतं.

ते मंगळवारच्या गाडीने गेले. मी पेढे घेऊन सोमवारी घरी पोचले होते, त्यातले चार त्यांनी बरोबर नेले. पुण्याहून पहिला पगार झाला त्या दिवशी मी गुजरातेतल्या जिनिंगवर फोन लावला आणि या ना, बघा ना असं काही न म्हणता, निघा, एवढंच सांगितलं. ते आले. आता ते घराच्या ओसरीत फवारणीचे पंप दुरुस्त करतात. सकाळी खोकला जास्त असतो, दुपारी कमी होतो.